बोगद्यातून धपाटा

माझा पाय मोडला तो वरच्या काकूंच्या रेंजपायी. ऑफिसात मी हे कुणाला सांगितलं नाही. रजेच्या अर्जात 'घरी तांत्रिक काम करत असताना' असं लिहिलं, आणि ते काही खोटं नाही. आमच्या इमारतीत वायफाय एकच आहे आणि ते माझं आहे. आधी पासवर्ड फक्त वरच्या काकूंना दिला होता. मग खालच्या हेडमास्तरांना दिला आणि मग बघता बघता सगळ्या इमारतीला, कारण एकाला देऊन दुसऱ्याला नाही म्हणणं माझ्याच्यानं होत नाही. शिवाय लोक जिन्यात बाजूला होऊन वाट देतात, 'तुमच्यामुळे चाललंय हो सगळं' म्हणतात, आणि ते ऐकायला बरं वाटतं. तर या काकूंची रेंज गेली की त्या वरून जमिनीवर पाय आपटतात. एकदा आपटला तर रेंज कमी झाली, दोनदा आपटला तर गेली, आणि सलग आपटू लागल्या तर ऐन रंगात आलेल्या कार्यक्रमात गेली, असं समजायचं. त्या दिवशी त्या सलग आपटत होत्या. वायफायचा डबा कपाटाच्या माथ्यावर ठेवला तर जरा त्यांच्या जवळ जाईल, या विचारानं मी स्टुलावर चढलो. स्टुलाचा एक पाय आधीपासूनच अधू होता. खाली आलो तेव्हा आम्ही दोघं सारखे झालो होतो.

"तरी सांगत होते," ही म्हणाली. आमची ही नक्की काय सांगत होती ते मला आजतागायत कळलेलं नाही, पण ती सांगत होती हे खरं आहे.

आता मुख्य चिंतेकडे वळतो. पायाची चिंता डॉक्टरांनी प्लास्टरमध्ये घालून टाकली होती. मला चिंता होती ती खुर्चीची.

आमची कंपनी बटणं बनवते. मी तिथे 'वरिष्ठ तांत्रिक साहाय्यक' आहे. हाताखाली कनिष्ठ असं कुणी नाही, त्यामुळे वरिष्ठ हा शब्द मी जरा जपूनच उच्चारतो. पण माझी खुर्ची खिडकीजवळ आहे. आख्ख्या ऑफिसात उघडणारी खिडकी तेवढी एकच, बाकीच्या खिडक्या रंगाऱ्यांनी रंग देताना कायमच्या चिकटवून टाकल्यात. माझ्या खिडकीतून समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसते आणि टाकीवर दोन कबुतरं बसतात. देखावा म्हणून ग्रेट नाही, पण दुपारी तिथून जी झुळूक येते तिच्यासाठी मी पगारवाढसुद्धा मागितली नाही. उगाच साहेबांचं लक्ष माझ्या दिशेला जायला नको.

आणि लक्ष गेलंच तर खुर्ची जाणार कुणाकडे, हे मला ठाऊक होतं. साहेबांचे जावई नुकतेच कंपनीत लागले होते. सगळे त्यांना जावईबापू म्हणायचे. तरुण, गोरेगोमटे, आणि हुशार असावेत, कारण काही करताना कधी दिसले नाहीत. त्यांना बसायला जागा नव्हती म्हणून पाण्याच्या यंत्राशेजारी एका स्टुलावर बसायचे आणि तिथून माझ्या खुर्चीकडे बघायचे. रस्त्यावरचा माणूस सुटायच्या बेतात असलेल्या बसकडे बघतो तसे.

ही खुर्ची मला मिळाली ती एका यंत्रामुळे. बटणांच्या खोक्यांवर लेबलं चिकटवणारं हे यंत्र, वयोमानामुळे आम्ही त्याला म्हातारी म्हणतो. म्हातारीला एक कॉम्प्युटर जोडलेला आहे. ती अधूनमधून हटून बसते, लाल दिवा लागतो आणि मला बोलावणं येतं. मी जातो. आधी सगळ्यांना बाहेर काढतो, "गर्दी नको, तिला मोकळी हवा लागते." मग कॉम्प्युटरसमोर बसून कपाळाला आठ्या घालतो, काही बटणं दाबतो, 'हं' म्हणतो, 'असंय होय' म्हणतो. मग दार बंद आहे याची खात्री करून म्हातारीच्या मागे जातो आणि तिच्या डाव्या खांद्याच्या जरा खाली तळहातानं एक सणसणीत धपाटा घालतो. ती सुरू होते. मग मी परत कॉम्प्युटरसमोर येतो, आणखी दोन बटणं दाबतो आणि दार उघडतो. माझं तांत्रिक ज्ञान म्हणतात ते हेच. हा धपाटा मला कसा सापडला ते सांगत बसत नाही. रागावलेल्या माणसाच्या हातून कधीकधी चांगलं काम होतं, एवढं पुरे.

तर पाय मोडल्यावर साहेबांचा फोन आला. तब्येतीची चौकशी केली. मग म्हणाले, "तुम्ही निवांत आराम करा. तोवर जावईबापूंना तुमच्या जागेवर बसवतो, काम शिकतील."

खुर्चीवर एकदा बसलेला जावई उठल्याचं मी ऐकलेलं नाही.

"साहेब, मी घरूनच सांभाळतो की," मी म्हणालो. "व्हीपीएन टाकून घेऊ."

"ते काय असतं?"

"घरापासून ऑफिसपर्यंत एक गुप्त बोगदा असतो साहेब. इंटरनेटमधून. मी घरी बसून म्हातारीचा कॉम्प्युटर चालवीन. आजकाल सगळीकडे असंच चालतं."

बोगद्यातून धपाटा जात नाही, हे मला बोलतानाच कळत होतं. पण म्हातारी रोज थोडीच अडते. प्लास्टर निघेपर्यंत तिनं कळ काढली तर निभावून जाईल, असा माझा हिशेब होता. साहेब मात्र एकदम खूश झाले. कोट शिवणाऱ्या एका मोठ्या कंपनीचे पाहुणे कारखाना बघायला यायचे होते, आणि आपला कारखाना आधुनिक आहे हे त्यांना कसं दाखवायचं या विवंचनेत ते होते. "त्यांच्यासमोरच करा," साहेब म्हणाले. "आमचा माणूस घरी बसून मशीन चालवतो असं सांगतो. बघू द्या त्यांना. जमलं तर तुमची जागा तुमची. नाही जमलं तर मग जावईबापू आहेतच." म्हणजे मी खड्डा टाळायला गेलो आणि विहीर खणून घेतली.

व्हीपीएनसाठी परवानगी लागते. परवानगी विभाग म्हणजे एक बाई आणि त्यांचा स्टेपलर. मी फोन केला.

"घरून काम करण्याचा अर्ज स्वतः हजर राहून द्यावा लागतो," बाई म्हणाल्या.

"अहो, हजर राहता येत नाही म्हणूनच तर अर्ज करायचाय."

"ते बरोबर आहे. पण हजर न राहता अर्ज दिला तर ते घरून काम केल्यासारखं होतं, आणि त्याची परवानगी तुम्हाला अजून नाही."

या उत्तरात चूक कुठे आहे ते मी दुपारभर शोधलं. सापडली नाही. शेवटी साहेबांनी मध्ये पडून अर्ज मंजूर करवला. मग पासवर्ड आला, तो ऑफिसच्या मेलवर. ऑफिसचा मेल उघडायला आधी बोगद्यातून जावं लागतं आणि बोगद्यात शिरायला तो पासवर्ड लागतो. मी पुन्हा फोन केला. पासवर्ड तोंडी सांगायला नियमानं बंदी आहे असं बाईंनी सांगितलं. पण अक्षरं सांगायला बंदी नव्हती, म्हणून त्यांनी तो एकेक अक्षर करून, खणखणीत आवाजात, आख्ख्या ऑफिससमोर सांगितला. माझ्याकडे फोन स्पीकरवर असल्यामुळे इकडे हिनंही लिहून घेतला.

पाठोपाठ एक छोटा काळा डबा घरी आला. तो आपल्या वायफायच्या डब्याला जोडला की बोगदा तयार, असं सोबतच्या कागदात लिहिलं होतं.

"बोगदा कुठून जाणार?" हिनं विचारलं. "आत्ताच रंग दिलाय भिंतींना."

"अगं, खरा नव्हे. हवेतला."

"मग धूळ नाही ना उडणार?"

"नाही."

"बरं," ही म्हणाली, आणि तरीही तिनं टीपॉयवर जुनी चादर घातली.

पाय खुर्चीवर, लॅपटॉप मांडीवर अशा अवस्थेत मी जोडणीला बसलो. शेजारी बसले हेडमास्तर. हे निवृत्त झालेत, पण शाळेतून निवृत्त झालेत, शिकवण्यातून नव्हे. माझा पाय मोडल्यापासून रोज येत होते आणि हाडं कशी जुळतात ते मला समजावून सांगत होते. स्क्रीनवर प्रश्न आला, बोगद्याला काय जोडायचं? खाली पर्याय होते. फक्त हा संगणक. निवडक उपकरणे. घरातील सर्व उपकरणे.

मी पहिल्या पर्यायाकडे बोट नेलं. हेडमास्तरांनी माझा हात धरला.

"थांबा. प्रश्न नीट वाचा. सगळं आयुष्य प्रश्नपत्रिका काढण्यात गेलं माझं. शेवटचा पर्याय 'सर्व' असा असला की उत्तर तेच असतं. पहिला पर्याय उतावळ्या विद्यार्थ्यांसाठी घालतात."

आता निवृत्त हेडमास्तरांनी हात धरल्यावर कोण काय करणार? चाळिशी उलटली तरी मला घाम फुटला. मी 'सर्व' दाबलं. हिरवा दिवा लागला, आणि माझ्या स्क्रीनवर म्हातारीचा कॉम्प्युटर आला. आज किती लेबलं लागली, शाई किती उरली, सगळं दिसत होतं. मी घरातल्या सोफ्यावर होतो आणि म्हातारी माझ्या मांडीवर होती. मला खरोखर गहिवरून आलं. हेडमास्तर म्हणाले, "पैकीच्या पैकी." हिनं दोन्ही डबे एकावर एक ठेवून कपाटाच्या माथ्यावर नेऊन ठेवले, काकूंना रेंज मिळावी म्हणून.

घरातील सर्व उपकरणे म्हणजे त्या वायफायवर असलेली सर्व उपकरणे, आणि त्या वायफायवर आख्खी इमारत आहे, हे लक्षात यायला मला जरा वेळ लागला. मी एकटा त्या बोगद्यातून ऑफिसात शिरलो नव्हतो. माझ्यामागोमाग सगळे शेजारी आपापले फोन, टीव्ही आणि प्रिंटर घेऊन शिरले होते.

हे लक्षात आणून दिलं परवानगीच्या बाईंनी, तेही त्यांच्या नकळत. काही कामासाठी त्यांचा फोन आला आणि जाता जाता त्या हळू आवाजात म्हणाल्या, "इकडे काय चाललंय कळलं का? साहेबांच्या केबिनमधल्या प्रिंटरमधून आपोआप चिठ्ठ्या येतायत."

"कसल्या चिठ्ठ्या?"

"परवा सकाळी एक आली. 'रोज उशिरा येऊन दार आपटणाऱ्या व्यक्तीचं नाव आम्हाला माहीत आहे.' साहेबांचा चेहरा उतरला हो. मग दुसरी आली. 'प्रेमाने सांगून झाले. यापुढे नावे जाहीर करण्यात येतील.' खाली सही, आपला हितचिंतक. साहेब आता सगळ्यांच्या आधी येतात आणि दार दोन्ही हातांनी लावतात."

मी फोन ठेवला. हा हितचिंतक माझ्या ओळखीचा होता. जिन्यात लावायच्या सूचना हेडमास्तर स्वतः टाइप करतात. तेवढ्यात ते स्वतःच वर आले. "माझा प्रिंटर बिघडलाय," ते म्हणाले. "किती वेळा छापा म्हटलं तरी काही बाहेर पडत नाही. आता जिन्यातल्या चपलांवर एक कडक सूचना केलीय. सकाळपासून बटण दाबतोय."

"किती वेळा दाबलंत?"

"चिकाटी सोडायची नाही हे मी मुलांना जन्मभर सांगत आलो," हेडमास्तर म्हणाले.

साहेबांच्या केबिनबाहेर पुढे चपलांची एक नीट रांग लागलेली असायची असं मला नंतर कळलं, त्यात साहेबांचे बूटही होते.

आता तुम्ही म्हणाल, सरळ पर्याय बदलायचा. मलाही तसंच वाटलं होतं. पण पर्याय बदलायला परवानगी विभागाची नवी मंजुरी लागते आणि त्यासाठी स्वतः हजर राहून अर्ज द्यावा लागतो. डबा काढून टाकावा तर पाहुणे दुसऱ्याच दिवशी येणार होते. एक उपाय उरला. मी कुबड्या काखेत मारल्या आणि दारोदार फिरलो. उद्या सकाळी पाहुणे असेपर्यंत कृपा करून वायफाय वापरू नका, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे, एवढंच मागणं. सगळे चटकन हो म्हणाले. प्लास्टर बघितलं की माणसं मऊ होतात. हेडमास्तरांनी प्रिंटरची वायरच काढून माझ्या हातात दिली.

सगळ्यात शेवटी वर काकूंकडे गेलो.

"अरे, तुझ्यासाठी एवढंही नाही करणार का?" काकू म्हणाल्या. "तू माझ्यापायी पडलास बाबा. उद्या मी वायफायला हातसुद्धा लावणार नाही."

"फोन बाजूला ठेवाल ना?"

"ठेवेन की. सकाळी माझा व्यायाम असतो तो तेवढा टीव्हीवर बघते. वायफायचं काही काम नाही, नुसता टीव्ही."

खाली उतरताना माझं सगळं लक्ष पायऱ्यांवर होतं. कुबड्या घेऊन जिना उतरणाऱ्या माणसाला दुसरं काही सुचत नाही. नाहीतर मला आठवलं असतं की काकूंच्या टीव्हीवरचा व्यायाम त्यांच्या फोनमधून वायफायवरूनच जातो, आणि तो कसा लावायचा ते मीच त्यांना शिकवलंय. "काकू, हे चिन्ह दाबायचं, मग नावं येतात, त्यातलं सगळ्यात वरचं दाबायचं. बाकी बघायचंच नाही." इतकं सोपं करून सांगितल्याबद्दल त्यांनी माझं फार कौतुक केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी कोट घालून सोफ्यावर बसलो. कोट, कारण पाहुणे कोटवाले. हिनं पाय चादरीखाली झाकला. लॅपटॉपवर ऑफिसची सभेची खोली दिसत होती. तिथल्या भल्यामोठ्या पडद्यावर माझा चेहरा भिंतभर झाला होता असं साहेबांनी सांगितलं. टेबलाभोवती पाहुणे, मधोमध साहेब. समोरचं दार उघडं होतं आणि तिथे जावईबापू माझा फोन कानाला लावून म्हातारीपाशी उभे होते.

"हे आमचे वरिष्ठ तांत्रिक साहाय्यक," साहेब म्हणाले. "घरी बसून मशीन चालवतात. दाखवा हो."

मी 'थांबा' दाबलं. म्हातारी थांबली. पाहुण्यांनी माना डोलावल्या. मी 'सुरू' दाबलं. लाल दिवा लागला.

पुन्हा दाबलं. पुन्हा लाल. म्हातारी मला गेली कित्येक वर्षं ओळखते आणि माझी अब्रू कधी घ्यायची हेही तिला नेमकं कळतं. सभेच्या खोलीत एकजण खोकला. जावईबापू फोनवर म्हणाले, "काका, अडलीय वाटतं."

आता काय करणार? पाहुण्यांच्या देखत 'धपाटा घाला' म्हणणं माझ्या पदाला शोभलं नसतं. मी घसा साफ केला. "साहेब, स्थानिक पातळीवर एक भौतिक हस्तक्षेप करावा लागेल. यंत्राच्या डाव्या, वरच्या, मागच्या भागात."

"करा हो जावईबापू," साहेब म्हणाले.

"म्हणजे नेमकं काय करू?" जावईबापूंनी विचारलं.

"जरा... हात लावा."

"लावला."

"नुसता लावू नका. हाताला थोडा निश्चय हवा."

जावईबापूंनी म्हातारीला थोपटलं. बाळाला झोपवताना थोपटतात तसं. मला ते फोनवर ऐकू आलं आणि जीव कासावीस झाला.

एवढ्यात सभेच्या खोलीतली सगळी माणसं एकदम पडद्याकडे वळली. माझ्या चेहऱ्याकडे बघत असतील म्हणून मी आत्मविश्वासानं हसलो. पण तिथून एका बाईंचा आवाज आला, आणि तो मी रोज सकाळी आमच्या छतामधून ऐकत आलोय. "श्वास घ्या. पाठ ताठ. आता दोन्ही हात डोक्याच्या वर."

काकूंनी सगळ्यात वरचं नाव दाबलं होतं. आज सगळ्यात वर आमच्या सभेच्या खोलीचं नाव होतं.

साहेब क्षणभर गोंधळले. मग त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. भौतिक हस्तक्षेप सुरू झालाय अशी त्यांची समजूत झाली असावी, कारण ते उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात डोक्याच्या वर केले. साहेबांनी केले म्हणून पाहुण्यांनीही केले. पाहुणचार घेणारा माणूस सहसा वाद घालत नाही. "आता डावीकडे वाका," बाई म्हणाल्या, आणि कोटवाली आख्खी कंपनी डावीकडे वाकली. एका पाहुण्याला वाकवत नव्हतं, त्यांना साहेबांनी कोपराला धरून मदत केली.

"साहेब," मी ओरडलो, "हे आमचं नाही, हे वरच्या काकूंचं आहे." पण आवाज तिकडे कुणाला ऐकू जाईना. इकडे काकूंच्या टीव्हीवर अर्थातच काही दिसत नव्हतं. छतावर एकदा पाय आपटला. मग दोनदा आपटला. मग सलग आपटू लागला. मी कपाटाकडे बघितलं. दोन्ही डबे एकेका आपटण्यासरशी कडेकडे सरकत होते. "अगं, धर," मी हिला म्हणालो. ही स्वयंपाकघरातून येईपर्यंत वायफायचा डबा वायरीला लोंबकळला आणि काळा डबा सरळ माझ्या पायावर पडला. प्लास्टरला काही झालं नाही. बोगदा मात्र गेला. स्क्रीनवर शेवटचे दिसले ते साहेब, हात वर, उजवीकडे वाकलेले.

"तरी सांगत होते," ही म्हणाली.

मी कोट घालून तसाच बसून राहिलो. खिडकी गेली, झुळूक गेली, कबुतरं गेली. मला खरंच रडू येईल असं वाटलं. फोन वाजला.

"गाडी पाठवतोय," साहेब म्हणाले. "आहात तसे या."

गाडी म्हणजे बटणांचा टेम्पो होता. मला पोत्यांच्या मधोमध बसवलं. ऑफिसच्या दारात उतरवलं तेव्हा समोर एक खुर्ची आणून ठेवली होती. माझीच, खिडकीजवळची, कारण चाकं असलेली तेवढीच. मी बसलो. खुर्ची कोमट होती. कुणाच्या बसण्यामुळे ते विचारायची गरज नव्हती.

मला ढकलत म्हातारीपाशी नेलं. साहेब, पाहुणे, परवानगीच्या बाई, जावईबापू सगळे गोल करून उभे. "जरा गर्दी कमी..." मी म्हणालो. कुणी हललं नाही. "आधी कॉम्प्युटर बघतो," मी म्हणालो. "आधी मशीन," साहेब म्हणाले. मग माझा नाइलाज झाला. खुर्ची मागे वळवायला लावली, डोळे मिटले आणि म्हातारीच्या डाव्या खांद्याखाली धपाटा घातला. ती खडखडली आणि सुरू झाली.

साहेबांनी म्हातारीच्या मागे डोकावून बघितलं.

"एवढंच?" साहेब म्हणाले.

एवढ्या वर्षांची इभ्रत एका शब्दात गेली. मी खाली प्लास्टरकडे बघत राहिलो. पण तेवढ्यात एक पाहुणे पुढे आले आणि मीही घालून बघतो म्हणाले. व्यायामामुळे त्यांचे हात मोकळे झाले होते. त्यांनी घातला, म्हातारी बंद पडली. मग साहेबांनी घातला, बाईंनी घातला, जावईबापूंनी तर डोळे मिटून घातला. लाल दिवा काही जाईना. शेवटी पुन्हा मलाच घालावा लागला. माझ्याच हातानं ती का ऐकते ते मला विचारू नका, मला माहीत नाही. पाहुणे मात्र इतके खूश झाले की त्यांनी कोटाच्या बटणांची ऑर्डर तिथल्या तिथे देऊन टाकली. असा कारखाना आपण कधी पाहिला नव्हता, असं ते साहेबांना म्हणाले.

"तुम्ही उद्यापासून टेम्पोनं येत जा," साहेब मला म्हणाले. "जागा तुमचीच. आणि जावईबापू, यांच्या घरी जाऊन तो बोगदा आधी बंद करून या."

त्या दिवशी मी खिडकीजवळ बसलो आणि झुळूक आली तेव्हा इतका सुखावलो की जावईबापू परत आले की नाही हे माझ्या लक्षातही राहिलं नाही. ते आले नव्हते.

झालं असं की ते आमच्या घरी पोचले, हिनं पुन्हा कपाटावर ठेवलेले डबे काढायला त्याच स्टुलावर चढले आणि पडले नाहीत. वरून काकूंनी पाय आपटला. जावईबापूंनी वर जाऊन त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि वायफायचा डबा कपाटावरून काढून जिन्याच्या कोनाड्यात बसवला. काकूंना रेंज आली. सगळ्यांनाच आली. मग त्यांनी काळा डबा उघडून दुरुस्त केला, पहिला पर्याय निवडला आणि हेडमास्तरांचा प्रिंटर चालू करून दिला. "हा विद्यार्थी पुढे जाणार," हेडमास्तर म्हणाले. पर्याय बदलायला नवी मंजुरी लागली नाही का, हे मी बाईंना विचारलं. नाही लागली. ते स्वतः हजर होते. शिवाय कागदपत्रं तपासल्यावर बाईंना असं आढळलं की घरून काम करायची परवानगी माझ्या नावावर नव्हतीच, ती घराच्या पत्त्यावर होती. त्या घरात कामाला कोण बसतो याबद्दल नियमात एक अक्षर नाही.

म्हणून आता रोज सकाळी मी टेम्पोतून ऑफिसला जातो आणि जावईबापू आमच्या घरी येतात. माझं प्लास्टर निघून बरेच दिवस झाले, पण ही व्यवस्था सगळ्यांना सोयीची पडली आहे. त्यांना पद मिळालंय, 'वरिष्ठ दूरस्थ तांत्रिक साहाय्यक'. माझ्या पदापुढचा वरिष्ठ हा शब्द जाऊन तिथे 'स्थानिक' आलाय. जिन्यात आता लोक त्यांना बाजूला होऊन वाट देतात. काकू त्यांच्यासाठी खाऊ घेऊन खाली येतात. पाय आपटणं तर त्यांनी बंदच केलंय, गरजच पडत नाही म्हणतात.

म्हातारी अडली की लाल दिवा लागतो आणि माझ्या खिडकीजवळच्या स्क्रीनवर जावईबापू दिसू लागतात. माझ्या सोफ्यावर, माझ्या उशीला टेकून, माझ्या कपातून चहा पीत. मागे ही उभी असते आणि आणखी साखर हवी का विचारते. माझ्या चहात साखर घालायची नाही असं तिनंच ठरवलेलं आहे. जावईबापू एक घोट घेतात, कपाळाला आठ्या घालतात, 'हं' म्हणतात, 'असंय होय' म्हणतात.

"काका," ते म्हणतात, "तिथे स्थानिक पातळीवर एक भौतिक हस्तक्षेप करावा लागेल."

मी उठतो, म्हातारीच्या मागे जातो आणि धपाटा घालतो. अलीकडे तो जरा जोरातच बसतो.